शिळाछापाची शिळा

जुन्या मराठी पंचांगांवर ‘शिळाछाप’ हा शब्द अनेकांनी पाहिला असेल. या छपाईची उत्तम शिळा जगभर जात असे ती जर्मनीतल्या बव्हेरियातून, आल्टम्यूल नदीच्या खोऱ्यातून. दोन हजारांहूनही कमी वस्तीच्या सोल्नहोफेन गावाने त्या दगडाला नाव दिले. गावाचे स्वतःचे नाव मात्र आठव्या शतकात तिथे राहिलेल्या सोला या ख्रिस्ती साधूवरून पडले आहे.

सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार, उथळ समुद्र होता. त्यातल्या खारकच्छांच्या तळाशी पाणी अतिखारट आणि प्राणवायू जवळजवळ नाही. चुन्याचा बारीक गाळ तिथे संथपणे बसत गेला. शुद्ध चुन्याचा टणक थर, मग मातीमिश्रित मऊ थर, पुन्हा टणक थर. त्यामुळे सांध्यावर छिन्नी ठेवून हातोडीने ठोकले की आपल्या शहाबादीसारखी सपाट फरशी सुटते. रोमन लोकांनीही ती जमिनींना वापरली होती.

१७९६च्या सुमारास म्युनिकमध्ये आलोइस सेनेफेल्डर आपली नाटके स्वस्तात छापण्याची वाट शोधत होता. त्याने या दगडावर तेलकट शाईने लिहिले. दगड पाण्याने भिजवून वर शाईचा रूळ फिरवला, की ओला भाग शाई घेत नाही, तेलकट अक्षरे तेवढी घेतात. मग कागद दाबायचा. यासाठी दगडाचे कण अतिशय बारीक आणि एकसारखे लागतात, रेघ किंवा डाग चालत नाही. खाणीतून निघणाऱ्या दगडापैकी थोडाच या कसोटीला उतरे, म्हणून त्याला मोल होते. रंगीत चित्राला तर प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा लागे. राजा रविवर्म्याच्या छापखान्यातली, आधी मुंबईत आणि पुढे मळवलीत छापलेली देवादिकांची चित्रे याच तंत्राची.

पुढे धातूचे पत्रे आणि ऑफसेट आले, शिळांची मागणी ओसरली. गाव तगले ते फरशी आणि सिमेंटवर. चित्रकार अजूनही थोड्या शिळा घेतात.

या धंद्याची सर्वांत मोठी देणगी मात्र कुणी मागितलेली नव्हती. फरशी हाताने सुटते, म्हणून प्रत्येक थर कामगाराच्या नजरेखालून जातो. खारकच्छांच्या त्या प्राणवायूविना तळाशी प्रेते खायला कुणी नव्हते, म्हणून माशांचे काटे, चतुरांचे पंख जसेच्या तसे उरले. १८६१मध्ये या परिसरात आधी एक पीस आणि मग पिसांसकट सांगाडा मिळाल्याचे जाहीर झाले. तो आर्किओप्टेरिक्स: पंख पक्ष्याचे, दात आणि हाडांची शेपटी सरपटणाऱ्या प्राण्याची. डार्विनचा उत्क्रांतीवरचा ग्रंथ येऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने तो सांगाडा एका मोठ्या संग्रहासह ७०० पौंडांना घेतला. सुरुंग लावून दगडाचा भुगा करणाऱ्या खाणीत तो कुणाला दिसलाच नसता.

आर्किओप्टेरिक्सचा असाच एक सांगाडा आज सोल्नहोफेनच्या संग्रहालयात आहे. बाहेरच्या खाणींत फरशी अजूनही मुख्यतः हातानेच सोडवली जाते.