पैसा कोणाकडे, माणूस कोणाकडे?

नौपाड्यात ज्या घरांत दिव्यांग मुलगा किंवा मुलगी आहे, तिथले आई-वडील साठीच्या पुढे गेले की एक प्रश्न हळू आवाजात विचारू लागतात : ‘आमच्या पश्चात काय?’ उत्तर बहुधा एका नावाने दिले जाते. थोरला मुलगा, पुतण्या, मावसबहीण, कधी ओळखीतले सीए. ‘तो आहे ना, तो बघेल.’ मी ३४ वर्षे बँकेत काढली आणि गेली ११ वर्षे धाकट्या भावाची कायदेशीर पालक म्हणून त्याचे व्यवहार पाहते आहे. भाऊ ५२ वर्षांचा, बौद्धिक दिव्यांगत्व असलेला. मी ६६ वर्षांची. तेव्हा हा प्रश्न आता माझ्याही दाराशी आला आहे. त्यासाठी कायदे वाचले, ओळखीच्या पालकांचे कागद पाहिले. त्यातून एक गोष्ट मनात पक्की झाली : एकच विश्वासू माणूस शोधणे हाच या प्रश्नातला धोका आहे.

पैशाची विखुरलेली पिशवी

ऑस्ट्रेलियात २०१३ च्या कायद्याने राष्ट्रीय दिव्यांगत्व विमा योजना आली. तेथे पात्र व्यक्तीसाठी मदतीचा आराखडा मंजूर होतो. बिले चुकती करून हिशेब ठेवणारा ‘आराखडा व्यवस्थापक’ वेगळा आणि योग्य सेवा शोधून जुळवून देणारा ‘समन्वयक’ वेगळा. व्यवस्थापकाची फी आराखड्यात स्वतंत्र धरलेली असते; ती मदतीच्या पैशातून कापली जात नाही. मेलबर्न-सिडनीतल्या मराठी कुटुंबांनाही नागरिकत्व किंवा कायम वास्तव्याचा हक्क असेल तर ही वाट खुली आहे.

आपल्याकडे अशी एक पिशवी नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग उघडला, तरी पैसा येतो तो ठिकठिकाणांहून. संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे अनुदान दिव्यांगांसाठी २०२५ मध्ये महिना २,५०० रुपये झाले. पण कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५० हजार असल्याने निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरांना ते दार बंदच असते. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाखापर्यंतचे आरोग्य संरक्षण मिळते. महापालिकांना दिव्यांगांसाठी ५ टक्के निधी राखावा लागतो, त्यातूनही काही मिळू शकते. सरकारी नोकरी केलेल्यांच्या, कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन आयुष्यभर मिळू शकते; राज्य कर्मचाऱ्यांसाठी ही तरतूद १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या ११६ व्या नियमात आहे. त्यासाठी पालक हयात असतानाच नाव आणि प्रमाणपत्र कार्यालयात नोंदवलेले बरे. उरलेला पैसा म्हणजे मुदत ठेवी, विमा आणि राहते घर.

आयकरातल्या ज्या सवलतीला आपण ८०डीडी म्हणतो, ती जुन्या करपद्धतीत ७५ हजारांची आणि ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असल्यास सव्वा लाखाची. या सवलतीच्या विमा योजनांतला पैसा पूर्वी पालकाच्या मृत्यूनंतरच मुलाकडे येई. २०२२ च्या दुरुस्तीने पालक साठीचे झाल्यावर, हप्ते थांबले असतील तर, त्यांच्या हयातीतही तो सुरू होऊ शकतो. अनेक घरांत हे कोणी सांगितलेलेच नसते.

पहिले काम : सही कोणाची?

मूल १८ वर्षांचे झाले की आई-वडिलांचे नैसर्गिक पालकत्व संपते, मूल कसेही असो. पुढची सही कोणाची, हे १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ठरते. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी स्थानिक स्तर समिती पालक नेमते. समितीत जिल्हाधिकारी दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. बँकांनी हे पालकत्व प्रमाणपत्र ग्राह्य धरावे, असे रिझर्व्ह बँकेने २००७ मध्येच कळवले आहे.

पालक झालेल्याने सहा महिन्यांत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची आणि देण्याघेण्याची यादी सादर करायची असते आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. हेळसांड किंवा अफरातफर झाल्यास पालकाला काढता येते. पण तक्रार कोणी करायची? ज्याच्या पैशाला धक्का लागला, त्याला अनेकदा ती करता येत नाही. म्हणून हिशेबाची एक प्रत समितीबरोबर घरातल्या दुसऱ्या शाखेकडेही गेली पाहिजे.

दुसरे काम : तिजोरी

‘नॉमिनी म्हणून पुतण्याचे नाव घातले आहे,’ असे सांगणारे पालक भेटतात. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक वारसच. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सांगितले आणि शेअर्सबाबत डिसेंबर २०२३ मध्ये. मृत्युपत्राने सगळे थेट दिव्यांग मुलाच्या नावे करणे हाही पुरता उपाय नाही. मालकी त्याला मिळेल, पण सांभाळणार कोण, हे अधांतरी राहील.

यासाठी १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखालचा खासगी न्यास उपयोगी पडतो. तो मृत्युपत्रातूनही करता येतो; हयातीत घर त्यात घालायचे तर नोंदणी लागते. या कायद्यातल्या दोन गोष्टी प्रत्येक पालकाने वहीत लिहून ठेवाव्यात. न्यासपत्रात लिहिले नसेल तर विश्वस्ताला मेहनतान्याचा हक्क नाही. आणि ज्याला हिशेब मागण्याचा हक्क आहे, त्याला विश्वस्ताने तो दिलाच पाहिजे. म्हणून वाजवी फी लिहावी. फुकटचे काम पहिली दोन वर्षे मायेने होते, मग कंटाळ्याने. कराचा बोजा न्यासपत्राच्या शब्दांवर ठरतो, म्हणून मसुदा वकिलाबरोबर करसल्लागारानेही वाचावा.

माझ्या मते सर्वांत नाजूक कलम शेवटचे : दिव्यांग व्यक्तीच्या निधनानंतर उरलेले कोणाला? ज्याला उरलेले मिळणार, तोच एकटा तिजोरी सांभाळत असेल, तर फिजिओथेरपीवर वाचवलेला प्रत्येक रुपया त्याच्याच खिशात जाणार असतो. माणूस भला असला तरी त्याला अशा जागी बसवू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या १३ व्या कलमानेही हे ओळखले आहे : एखाद्या आर्थिक व्यवहारात हितसंबंध आडवे येत असतील, तर आधार देणाऱ्याने त्या व्यवहारापुरते बाजूला व्हायचे. केवळ नात्यामुळे असा संशय घ्यायचा नाही, हेही तेच कलम सांगते.

तिसरे काम : रोजचा दिवस

युडीआयडी कार्ड, औषधे, डॉक्टरांच्या तारखा, कार्यशाळेची बस, केस कापणे, नवे कपडे. हे पाहणारा माणूस पैशात हुशार असण्याची गरज नाही. त्याला भावाच्या गप्प बसण्याचा अर्थ कळला पाहिजे. आमच्याकडे हे काम शेजारच्या इमारतीतल्या एक बाई पगारावर पाहतात. त्यांच्याकडे महिन्याची ठरावीक रक्कम असते आणि पावत्यांची फाईल. ठेवींवर सही नसते. भावाला विचारले, ‘तलावपाळीला कोणाबरोबर जाशील?’ तर तो त्यांचेच नाव घेतो. ही निवड कायद्याच्या भाषेतही मोलाची आहे, कारण आधाराची व्यवस्था बदलण्याचा हक्क त्याच कलमाने दिव्यांग व्यक्तीला दिला आहे.

निवासी संस्थेचा विचार करणाऱ्यांनी डोंबिवलीजवळच्या खोणी गावातले ‘घरकुल’ आठवावे. अमेय पालक संघटनेचे हे घर पालकांच्याच पुढाकारातून उभे राहिले. पण संस्था मिळाली तरी बाहेरचा डोळा हवाच; संस्था राहण्याचे पाहते, न्यासाचा हिशेब दुसऱ्यानेच पाहावा.

निवडताना काय विचारावे

आर्थिक सल्लागाराला पहिला प्रश्न : तुमचे पैसे कोण देते? सेबीकडे नोंदणी असलेला गुंतवणूक सल्लागार ग्राहकाकडून फी घेतो. वितरकाला कमिशन योजनेतून मिळते. दोघेही प्रामाणिक असू शकतात, पण दिव्यांग मुलासाठी २५ वर्षांची पॉलिसी सुचवणारा कोणत्या बाजूला बसला आहे, हे आधी कळावे. दुसरा प्रश्न : राष्ट्रीय न्यासाच्या पालकत्वाचे किती कागद तुम्ही हाताळलेत? तिसरा : तुमच्यानंतर हे काम कोण पाहील? सत्तरीच्या पालकाने सत्तरीचा सल्लागार नेमण्यात दोघांचाही दिलासा असतो, मुलाचा नसतो.

आणि चौथे, लिहून ठेवण्याचे. मूल काय खाते, कशाला घाबरते, झटका आला तर काय करायचे, कोणत्या नातेवाइकाकडे त्याला एकटे ठेवू नये, हे सांगणारे पत्र. त्याला कायद्याचे बळ नाही, पण नव्याने आलेल्या माणसाला पहिल्या रात्री तेच उपयोगी पडते. दर दिवाळीला ते नव्याने लिहावे.

मी ही मांडणी पुतण्यासमोर ठेवली. विश्वस्त दोन : तो आणि बाहेरची एक सनदी लेखापाल. माझ्यानंतरची पालक म्हणून चुलतबहिणीच्या मुलीचे नाव समितीपुढे सुचवायचे. रोजचे काम शेजारच्या बाईंकडे. उरलेली रक्कम निम्मी पुतण्याला, निम्मी एका संस्थेला. तो वाचत राहिला आणि म्हणाला, ‘आत्या, तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’

हाच प्रश्न आपल्या घरांना कागद करण्यापासून अडवतो. मी त्याला बँकेतला लॉकर आठवायला सांगितला. एक चावी ग्राहकाकडे, एक बँकेकडे. एकट्याने तो कोणालाच उघडता येत नाही आणि त्यात कोणाचा अपमान नसतो. उद्या काकाच्या औषधावर जास्त खर्च झाला आणि कोणी बोट दाखवले, तर त्याला दाखवायला वही असेल. त्याने सही करण्याआधी फीचे कलम पुन्हा वाचले आणि स्वतःची फी खोडली. मी ती परत लिहायला लावली.