साताऱ्याचा किल्ला आणि वाईचें एक घर

शके १६२९ मध्यें मराठी राज्यास एकाच वेळीं दोन धनी झाले: संभाजीपुत्र शाहू व राजारामपुत्र शिवाजी. दुसऱ्याच्या नांवें कारभार त्याची आई ताराबाई पाहत होती. इ. स. १७०७ च्या आरंभीं औरंगजेब वारला आणि थोड्याच महिन्यांत आज्जमशहानें शाहूस सोडिलें. मातोश्री येसूबाईस मात्र ओलीस ठेविलें. मराठे आपसांत लढोत, हा त्यांतील हिशेब उघड आहे. पेरू देशांतील इंका राजकुलांत हुआस्कर व आताहुआल्पा हे भाऊ लढले, त्याच संधीस इ. स. १५३२ त स्पेनचा पिझारो तेथें आला. येथें परक्यानें कलहाची वाट पाहिली नाहीं, तो धाडूनच दिला.

ताराबाईचा पक्ष निव्वळ पुत्रमोहाचा, असें म्हणण्याचा प्रघात आहे; तो आम्हांस मान्य नाहीं. तिचें म्हणणें असें कीं, थोरल्या महाराजांचें राज्य संभाजीच्या वेळीं गेलें, राजारामानें तें नव्यानें उभें केलें, सबब तें त्याच्या पुत्राचें. गेलेलें वडिलार्जित धन ज्यानें परत मिळविलें त्यानें तें दायादांस देऊं नये, असें याज्ञवल्क्य सांगतो. भूमि असल्यास मात्र परत मिळविणाऱ्यास चतुर्थांश अधिक देऊन बाकीची यथाभाग वांटावी, असें मिताक्षरा शंखवचनाच्या आधारें म्हणते. राज्य हें भूमीच होय. बाईंची बाजू येथें लंगडी पडते. शाहू तोतया आहे, हा तिचा दुसरा आक्षेप तर परसोजी भोसल्यांसारखे सरदार त्यास मिळतांच फिका पडला.

ता. १२ आक्टोबर १७०७ रोजीं भीमाकांठीं खेड येथें गांठ पडली. धनाजी जाधव शाहूस मिळाले. परशुरामपंत प्रतिनिधि माघारें येऊन सातारचा किल्ला धरून बसले. किल्ल्याचा हवालदार शेख मिरा. त्याचें कुटुंब आमच्या वाईंत होतें, तें शाहूनें धरिलें. किल्ला न दिल्यास बायकामुलें तोफेच्या तोंडीं देऊं, असा निरोप गेला म्हणतात. तोफेच्या मजकुरावर बखरकाराचा हात फिरला असावा. पण शेख मिऱ्यानें पंतांसच कैद करून किल्ला दिला. पुढें या घराण्याची गणना वाईच्या सरदारांत झाली. ता. १२ जानेवारी १७०८ रोजीं शाहूस राज्याभिषेक झाला. पंतांस त्यानें कालांतरानें मुक्त करून प्रतिनिधिपद परत दिलें. त्यांचा पुत्र कृष्णाजी मात्र कोल्हापूरकडेच राहिला.

संग्राहकांस एक सूचना. या सुमाराच्या पत्रांत दोन्ही पक्ष थोरल्या महाराजांचाच राज्याभिषेकशक धरितात, आणि ज्येष्ठ शके १६२९ पासून तें वर्ष दोघांचेंही ३४ वेंच येतें. तेव्हां नुसत्या शकावरून पत्र कोणत्या बाजूचें हें ठरवूं नये, मुद्रा वाचावी. दप्तरांत ती बहुधा पुसट असते, आणि उतावीळपणें लाविलेलें नांव पुढें पन्नास वर्षें निघत नाहीं. दोन्ही गाद्यांची हद्द कायमची ठरली ती इ. स. १७३१ च्या वारणेच्या तहानें.