काचेआडचे पाणी

मुंबईत चर्नी रोड स्थानकाच्या बाहेर, समुद्रासमोर, तारापोरवाला मत्स्यालय उभारण्यात आले. डी. बी. तारापोरवाला या दानशूर पारशी गृहस्थांनी त्यासाठी दोन लाख रुपये दिले आणि १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. पुढे कित्येक वर्षे ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील कुटुंबे सुटीच्या दिवशी मुलांची बोटे धरून, दादरला गाडी बदलून तेथे जात. २०१५ मध्ये ते नव्या रूपात खुले झाले. २०२० मध्ये साथीच्या काळात मात्र त्याचे दरवाजे बंद झाले.

त्यापूर्वीच्या एका मे महिन्यात मी डोंबिवलीहून बहिणीला व तिच्या दोन मुलांना घेऊन तेथे गेलो होतो. धाकटा भाचा आनंदात होता; सहा वर्षांची भाची मात्र गप्प होती. आठवड्यापूर्वीच तिचा सोनेरी मासा मेला होता. मासा म्हातारा झाला होता, असे मी तिला सांगितले होते.

आत अर्धगोल, पारदर्शक बोगदा होता. डोक्यावरून मासे पोहत जाताना पाहून भाचा खालीच बसला! भाची एका काचेपाशी थांबली. “मामा, हे सारखे पाणी पितात. यांचे पोट फुटत नाही का?”

मुलांनो, मासा तोंड उघडतो तो बहुधा पिण्यासाठी नव्हे, श्वासासाठी. तोंडातून घेतलेले पाणी कल्ल्यांवरून बाहेर जाते व जाताना त्यात विरघळलेला प्राणवायू रक्तात मिसळतो. हा प्राणवायू असतो तरी किती? आपल्याकडील उष्ण हवेत एक लिटर गोड्या पाण्यात जेमतेम ८ मिलिग्रॅम. तेवढ्याच हवेत त्याच्या तीसपटींहून अधिक असतो. म्हणूनच टाकीत बुडबुडे सोडतात. ते पाणी ढवळतात, त्यामुळे पृष्ठभागावरून नवा प्राणवायू पाण्यात शिरतो. भाचीच्या शंकेतही तथ्य होते. समुद्रातील पुष्कळ मासे खरोखर पाणी पितात. खाऱ्या पाण्यामुळे त्यांच्या अंगातील पाणी सतत बाहेर ओढले जाते, ते त्यांना भरून काढावे लागते. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात पाणी आपोआप शिरते. त्याला पिण्याची गरज जवळजवळ नसते.

टाकीतील दुसरे काम डोळ्यांना दिसत नाही. माशांच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो व तो त्यांना विषासारखा असतो. वाळूवर आणि गोट्यांवर राहणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे रूपांतर पुष्कळच कमी घातक पदार्थांत करतात. ते वाढायला काही आठवडे लागतात.

हे सांगता सांगता मीच अडखळलो. मासा मरण्याच्या आदल्या दिवशी भांडे अस्वच्छ दिसते म्हणून मी गोटे खसखसून धुतले होते आणि नळाचे ताजे पाणी भरले होते. त्या पाण्यात आपल्यासाठी क्लोरीन घातलेले असते. ते रोगजंतू मारते, पण माशाचे कल्लेही जाळते. म्हणून ते पाणी आधी उघड्या भांड्यात एक दिवस ठेवावे लागते. मला हे ठाऊक नव्हते.

“म्हणजे तो म्हातारा नव्हता?” तिने विचारले.

“नव्हता. चूक माझी होती.”

तिने माझा हात सोडला आणि पाकट पाहायला ती आईकडे गेली. पाकट म्हणजे कल्ल्यांच्या फटी पोटाच्या बाजूला असलेला चपटा मासा. पण त्या दिवशी ते तिला समजावून सांगण्याची हिंमत मला झाली नाही.

परतताना आम्ही ठाण्याला उतरून मासुंदा तलावाकाठी बसलो. बराच वेळ पाण्याकडे पाहून ती म्हणाली, “मामा, आपल्या नळाचे पाणी एक दिवस ठेवले तर चालेल ना?”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो गॅलरीत एक बादली भरून ठेवलेली, आणि तिच्यावर कागद : ‘हात लावू नये.’ मासा अजून आणलेला नव्हता.