मेंदू आणि माणूस – भाग 9 : आपोआप बरं झालेलं दुखणं

गेल्या आठवड्यात आपण लकवा पाहिला. लकवा मारला की घरादाराला तत्काळ कळतं. आजचा आजार मात्र येतो, जातो आणि गेला म्हणून विसरला जातो. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस.

पाचोडची पंचविशीतली एखादी सून धरा. एका डोळ्याला अंधुक दिसू लागतं, डोळा फिरवला की दुखतो, लाल लुगडंही विटक्या रंगाचं वाटतं. मेडिकलमधून थेंब आणले जातात. महिन्या-दीड महिन्यात नजर सुधारते. वर्षभराने पायांना मुंग्या, चालताना पाय जड. ‘अंगात रक्त कमी आहे’ म्हणून लोहाच्या गोळ्या. तेही ओसरतं. डोळा एकाने पाहिला, पाय दुसऱ्याने. या दोन्हींचा संबंध जोडायचं काम न्यूरॉलॉजिस्टचं.

मज्जातंतूंवर मायलिन नावाचं वेष्टण असतं, वायरीवर असतं तसं. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच ते कुरतडते. सूज उतरते, थोडं वेष्टण पुन्हा धरतं आणि माणसाला बरं वाटतं. एमआरआयमध्ये डाग मात्र दिसतात. म्हणूनच चांगला न्यूरॉलॉजिस्ट आजच्या तक्रारीपेक्षा गेलेल्या दुखण्यांबद्दल जास्त खोदून विचारतो. माझ्या मते त्याचं खरं कसब तिथेच आहे.

भारतात हा आजार नसल्यात जमा, असं पूर्वी धरलं जाई. जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजी रुजवणारे डॉ. नोशीर वाडिया यांनी सहकाऱ्यासह मुंबई-पुण्याच्या पारशी समाजात शोध घेतला आणि 1990 साली निष्कर्ष मांडले. एरवी भारतात लाखामागे एखाददुसरा रुग्ण धरत. मुंबईच्या पारशांत ते प्रमाण वीसच्या वर निघालं. शहर तेच, हवा तीच, तरी एवढा फरक! वंशाचा वाटा त्यातून ठळक झाला. पण सगळं रक्तातच नसतं. 2022 साली अमेरिकी सैनिकांच्या अभ्यासात एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका सुमारे 32 पट वाढलेला दिसला. हा विषाणू मात्र बहुतेकांना कधी ना कधी गाठतोच, आणि एमएस त्यांतल्या फार थोड्यांना होतो.

मराठवाड्यातल्या रुग्णाला उन्हाचं सांगायलाच हवं. मे महिन्यात मोसंबीच्या बागेत काम करताना किंवा ताप चढला की जुनी अंधुक नजर परत येते. अंग थंड झाल्यावर ती निवळली, तर तो बहुधा नवा झटका नसतो. त्रास सलग चोवीस तासांहून जास्त टिकला, तर मात्र डॉक्टर गाठायचे.

एमएस मुळापासून बरा करणारं औषध अजून नाही, झटके रोखणारी आहेत. त्यांतलं रिटुक्सिमॅब भारतीय कंपन्या बनवतात, म्हणून ते नव्या परदेशी औषधांच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतं. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये एमएससाठी ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. शिवाय 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज जरूर करा.

आणि संभाजीनगरला दाखवायला निघताना जुने केसपेपर, डोळ्यांच्या डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा, पिशवीत घ्या.

पुढच्या आठवड्यात : फेफरं