सॅम्युएल होर

सर सॅम्युएल जॉन गर्नी होर, पहिले व्हायकाउंट टेम्पलवुड (२४ फेब्रुवारी, १८८० – ७ मे, १९५९) हे ब्रिटनच्या हुजूर पक्षाचे राजकारणी व मुत्सद्दी होते. होर-लाव्हाल योजनेमुळे त्यांना १९३५ मध्ये परराष्ट्रमंत्रिपद सोडावे लागले.

कारकीर्द

होर १९१० ते १९४४ या काळात चेल्सीचे खासदार होते. १९३१ मध्ये भारतमंत्री झाल्यावर त्यांनी दुसऱ्या गोलमेज परिषदेत भाग घेतला. चर्चिल यांचा कडवा विरोध असतानाही त्यांनी १९३५ च्या भारत सरकार कायद्याचे विधेयक कॉमन्स सभागृहात तडीस नेले.

पदत्याग

जून १९३५ मध्ये होर परराष्ट्रमंत्री झाले. ११ सप्टेंबर रोजी त्यांनी जिनिव्हा येथे राष्ट्रसंघापुढे आक्रमणाच्या सामूहिक प्रतिकाराची ग्वाही दिली. ऑक्टोबरमध्ये इटलीने अ‍ॅबिसिनियावर (आजचा इथियोपिया) स्वारी केली. इटली जर्मनीकडे झुकू नये, या हेतूने होर यांनी डिसेंबरमध्ये फ्रान्सचे पंतप्रधान प्येर लाव्हाल यांच्यासह पॅरिस येथे एक योजना आखली. तीनुसार अ‍ॅबिसिनियाचा मोठा प्रदेश इटलीला मिळणार होता. ही योजना फ्रेंच वृत्तपत्रांत फुटली. राष्ट्रसंघाला पाठिंब्याचे आश्वासन देऊन बाल्डविन सरकारने नोव्हेंबरमध्येच निवडणूक जिंकली होती. त्यामुळे लोकक्षोभ उसळला. मंत्रिमंडळाने स्वतःच मान्य केलेली योजना सोडून दिली आणि १८ डिसेंबर रोजी होर यांनी राजीनामा दिला. त्यांच्या जागी अँथनी ईडन आले. राष्ट्रसंघाची गेलेली पत मात्र परत आली नाही.

उत्तरकाल

होर १९३७ ते १९३९ या काळात गृहमंत्री होते. १९४० मध्ये चर्चिल यांनी त्यांना मंत्रिमंडळातून वगळून स्पेनमध्ये राजदूत म्हणून पाठविले. स्पेनला महायुद्धापासून दूर ठेवण्यासाठी त्यांनी तेथे १९४४ पर्यंत प्रयत्न केले.