फेरफार केलेलीं यंत्रें आणि त्यांची जोखीम

यंत्र विकत घेतलें म्हणजे तें आपलें झालें, आणि आपलें झालेलें यंत्र आपल्या सोयीप्रमाणें बदलून घेण्यास कोणाची हरकत असावी, असा समज शेतकरीवर्गांत सर्वत्र आढळतो. हा समज सर्वस्वी चुकीचा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. आपल्या भागांत यंत्रांचा उद्योगच अशा खटाटोपांतून उभा राहिला. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं बेळगांवीं कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर तयार केले आणि १९१० सालीं औंध संस्थानांत कुंडल रोड स्टेशनाजवळच्या माळावर किर्लोस्करवाडीचा कारखाना वसविला. इकडच्या जमिनीस व इकडच्या बैलांस मानवेल असें औत तयार करणें हा त्या उद्योगाचा पाया होता. आजहि कराडपासून मिरजेपर्यंत प्रत्येक मोठ्या गांवीं असा एखादा मिस्त्री असतोच, कीं ज्याच्या हातचें काम पाहून शिकलेल्या इंजिनियरानेंहि मान डोलवावी. म्हणून फेरफार मुळींच करूं नका असा उपदेश आम्ही करणार नाहीं. कोणत्या भागास हात लावावा, तो कोणी लावावा, आणि पुढें होणाऱ्या परिणामाची जोखीम कोणाच्या शिरावर राहते, एवढ्याच गोष्टींचा येथें विचार करावयाचा आहे.

प्रथम यंत्रावरील आय. एस. आय. चिन्हाचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भारतीय मानक संस्था १९४७ सालीं स्थापन झाली व १९८७ पासून तिचें काम भारतीय मानक ब्यूरोकडे आलें. एखाद्या पंपावर, मोटारीवर वा मळणी यंत्रावर हें चिन्ह असतें तेव्हां, त्या नमुन्याचें यंत्र ठराविक कसोट्यांस उतरलें असून कारखानदारास चिन्ह लावण्याचा परवाना मिळालेला आहे, अशी ग्वाही त्यांत असते. परंतु यंत्र ज्या स्थितींत कारखान्याच्या दारांतून बाहेर पडलें, त्या स्थितीपुरतीच ही ग्वाही असते. पुढें कोणीं त्यांतील एक तार काढून दुसरी जोडली, पुली बदलली अथवा झांकण उतरविलें, तर पत्र्यावरील चिन्ह तसेंच राहतें. त्यामागची ग्वाही मात्र उरत नाहीं.

आपल्याकडे असा फेरफार सर्वांत अधिक होतो तो विहिरीवरील व नदीकांठच्या पंपांच्या स्टार्टरमध्यें. स्टार्टरच्या पेटींत तारेचें एक वेटोळें असतें. त्यास नो-व्होल्ट कॉईल म्हणतात. हिरवें बटण दाबलें कीं त्या वेटोळ्यांत चुंबकशक्ति उत्पन्न होते, तें आंतील पट्ट्या ओढून धरतें व मोटार चालूं होते. वीज गेली कीं चुंबकशक्ति नाहींशी होऊन पट्ट्या सुटतात. नंतर वीज परत आली तरी, कोणीतरी येऊन बटण दाबीपर्यंत मोटार फिरत नाहीं. कित्येकांस ही अडचण वाटते. वस्तुतः हा मुद्दाम बसविलेला पहारा आहे. त्याच पेटींत ओव्हरलोड रिले असतो. मोटार मर्यादेबाहेर वीज ओढूं लागली कीं तो ती बंद पाडतो.

या पहाऱ्यावर मात करण्यासाठीं ऑटोस्विच निघाला. वीज येतांच तो आपणच बटण दाबण्याचें काम करतो. शेतकऱ्यानें तो कां बसविला हें ओळखल्यावांचून त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. शेतीपंपांस अनेक ठिकाणीं वर्षानुवर्षें आठवड्याच्या आळीपाळीनें, कधीं दिवसा आठ तास तर कधीं रात्रीं दहा तास, अशी वीज मिळत आली आहे. मध्यरात्रीं वीज आली म्हणजे उसाच्या सरींतून विहिरीवर जावें लागतें. वाटेंत साप-विंचू असतात, आणि कराड, पाटण, शिराळा या भागांत उसांत बिबट्याचाहि वावर असतो. अशा अंधारांत घरचा तरुण पोरगा धाडण्यापेक्षां शें-दोनशें रुपयांचा स्विच बरा, असें बापास वाटलें तर त्यांत नवल कसलें? परंतु एक भय टाळण्यासाठीं त्यानें दुसरें भय घरांत आणलें आहे, हें त्यास कोणी समजावून सांगत नाहीं.

तें भय असें. वीज गेलेली पाहून कोणी पंपाचें पॅकिंग आंवळावयास बसतो, कोणी पट्टा चढवितो, कोणी फुटव्हॉल्व्ह मोकळा करण्यासाठीं विहिरींत उतरतो. मोटार थंड असते म्हणून तो निर्धास्त असतो. इतक्यांत वीज येते व ऑटोस्विच आपलें काम बजावतो. त्याला माणूस दिसत नाहीं. ज्या नो-व्होल्ट कॉईलनें त्या माणसाचा हात वांचविला असता, तिचें काम आपणच निष्फळ करून ठेवलेलें असतें.

दुसरा परिणाम सबंध शिवाराला भोगावा लागतो. समजा, १०० के. व्ही. ए. च्या एका डीपीवर पांच अश्वशक्तीचे पंधरा पंप आहेत. प्रत्येक पंप चालतांना सुमारें साडेसात अँपिअर वीज घेतो, म्हणजे पंधरा मिळून सुमारें ११२ अँपिअर होतात. डीपीची शक्ति सुमारें १३९ अँपिअर असल्यामुळें हा भार तिला सहज पेलतो. परंतु मोटार सुरू होण्याच्या क्षणीं नेहमींच्या पांच ते सात पट वीज ओढते. पंधराहि ठिकाणीं ऑटोस्विच असले तर वीज येतांच एकाच क्षणीं सुमारें ६७५ अँपिअरची मागणी उठते. मग फ्यूज उडतो. कोणी त्या जागीं जाड तार गुंडाळतो. पुढच्या वेळीं तार टिकते आणि डीपी जळते. उन्हाळ्यांत डीपी बदलून मिळेपर्यंत उभा ऊस व द्राक्षाची बाग वाळते, आणि ज्यानें ऑटोस्विच बसविलाच नव्हता त्याचेंहि पीक त्यांत जातें. ऑटोस्विच काढावेत व कपॅसिटर बसवावेत, अशी विनंति महावितरण वारंवार करतें, तिचें कारण हेंच होय.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. महावितरण सांगतें तो कपॅसिटर मोटारीच्या तिन्ही तारांना समांतर जोडावयाचा असतो, व त्यामुळें डीपीवरील भार हलका होतो. दोन फेजवर तीन फेजची मोटार चालविण्यासाठीं जो कंडेन्सर बसवितात तो निराळा. एक फेज गेली असतां मोटार तशीच चालत राहिली, तर उरलेल्या दोन तारांवरचा भार सुमारें पावणेदोन पट होतो व मोटारीचें वायंडिंग जळतें. हें होऊं नये म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर बसविलेला असतो. दोन फेजवर मोटार चालविणारा प्रथम हा प्रिव्हेंटर बाजूस सारतो, आणि नंतर दर हंगामांत मोटार भरून घेण्यास पैसे मोजतो.

विजेच्या पंपापेक्षांहि फिरत्या पात्यांच्या यंत्रांचा अनुभव अधिक भीषण आहे. हरितक्रांतीच्या काळांत उत्तरेकडे गव्हाचीं मळणी यंत्रें झपाट्यानें पसरलीं आणि त्यांत शेंकडों मजुरांचे हात गेले. त्यामुळें संसदेस १९८३ सालीं धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. मळणी यंत्राच्या सुरक्षिततेविषयीं भारतीय मानक ९०२० आहे. त्याप्रमाणें पेंढी सारण्याचें तोंड निदान ९० सेंटिमीटर लांब व त्यापैकीं निदान ४५ सेंटिमीटर वरून झांकलेलें असावें लागतें. हीं मापें माणसाच्या हाताच्या लांबीवरून ठरविलेलीं आहेत: पेंढी आंत जावी, पण बोटें ड्रमपर्यंत पोंचूं नयेत. काम लवकर उरकावें म्हणून आपण तेंच झांकण कापून टाकतों, आणि कांही क्विंटल अधिक मळणीसाठीं मजुराचा हात ड्रमाच्या तोंडाशीं नेऊन ठेवतों.

कडबाकुट्टीची गोष्ट तशीच आहे. वेग वाढविण्यासाठीं मोटारीवरची चार इंची पुली काढून पांच इंची बसविली तर चाकाचा वेग सव्वापट होतो. परंतु फिरत्या चाकास फोडूं पाहणारा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे तो दीडपटीहून अधिक होतो. ओतीव लोखंडाच्या चाकांत बारीक चीर असली तर एखाद्या दिवशीं चाक फुटून पातें गोळीसारखें सुटतें. पुलीच्या एका इंचांत इतका फरक पडतो.

तासगांव, पलूस, मिरज या द्राक्षांच्या तालुक्यांत ट्रॅक्टरवरील फवारणीचा ब्लोअर घरोघरीं झाला आहे. ट्रॅक्टरच्या ज्या पीटीओ दांड्यावर तो चालतो, तो मिनिटास ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदास नऊ. त्यावरील प्लॅस्टिकचें कवच तुटलें म्हणजे पुन्हां बसवितो कोण? धोतराचा सोगा, पदर वा उपरणें त्यांत अडकलें, तर ओरडण्यासहि वेळ मिळत नाहीं. ट्रॅक्टर हें कायद्यानें मोटार वाहनहि आहे. कारखानदारानें दिलेल्या मूळ स्वरूपाविरुद्ध वाहनांत फेरबदल करतां येत नाहीं, असा मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाचा अर्थ सर्वोच्च न्यायालयानें ९ जानेवारी २०१९ रोजीं सांगितला आहे. परदेशांतहि विचाराची दिशा हीच आहे. युरोपीय संघानें २०२३ सालीं केलेल्या यंत्रविषयक नियमांत, धंदा म्हणून यंत्रांत मोठा फेरफार करणारा हाच त्या यंत्राचा निर्माता समजला जावा, असें तत्त्व घातलें आहे.

या तत्त्वांत आम्हांस मोठी नीति दिसते. फेरफाराचा निर्णय मालक घेतो, त्यापासून होणारा लाभहि मालकास मिळतो. परंतु यंत्राच्या तोंडाशीं बहुधा रोजानें आलेला मजूर किंवा वैरण सारणारी बाई असते. तिला कोणतें झांकण काढलें आहे व कोणती तार बदलली आहे हें कोणी सांगितलेलें नसतें. आपलें यंत्र बदलण्याचा आपणांस अधिकार असेल. दुसऱ्याचा हात पणाला लावण्याचा अधिकार आपणांस कोणीं दिला? आपल्याकडे मळणी यंत्र भाड्यानें गांवोगांव फिरतें, तेव्हां ही जबाबदारी आणखी वाढते.

मग करावें काय? पहिली गोष्ट, यंत्राचा कोणताहि भाग काढण्यापूर्वीं तो कशापासून रक्षण करतो हें विचारावें, आणि त्याच्या जागीं तितकेंच रक्षण देणारें कांही बसविल्यावांचून तो काढूं नये. सोयीसाठीं केलेला बदल निराळा व पहारा उठविणारा बदल निराळा. पेंढी ठेवण्याचा मंच उंच करणें, दांडा लांब करणें, चाकें बसविणें हे पहिल्या प्रकारचे बदल होत. ते मिस्त्रीकडून खुशाल करून घ्यावेत. झांकण, रिले, प्रिव्हेंटर, फ्यूज, कवच व वेग यांस मात्र कारखानदारास विचारल्याशिवाय हात लावूं नये. कारखान्यास पत्र लिहून त्यांच्याच नमुन्याचा भाग मिळतो काय तें पाहावें, आणि उत्तर बिलासहित जपून ठेवावें.

दुसरी गोष्ट, स्वयंचलित स्टार्टर हवाच असेल तर वेळ लांबविणारा, सिंगल फेज व कोरडा पंप यांपासून रक्षण करणारा असा घ्यावा. एका डीपीवरील शेतकऱ्यांनीं एकत्र बसून वेळ वांटून घ्यावी. पहिल्याचा पंप वीज आल्यावर अर्ध्या मिनिटानें, दुसऱ्याचा एका मिनिटानें, असा क्रम ठेविल्यास पंधरावा पंप साडेसात मिनिटांत सुरू होतो. शेवटचा पंप सुरू होतांना डीपीवर क्षणभर सुमारें १५० अँपिअरच भार येतो. ६७५ येत नाहीं. मोबाइलवरून चालणारा स्टार्टरहि माणसास पाहूं शकत नाहीं, म्हणून त्यासहि हाच नियम लागू आहे कीं पंपास हात लावण्यापूर्वीं मुख्य स्विच पाडावा, फ्यूज काढून खिशांत घालावे व पेटीवर पाटी लावावी. जोडणीचें काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यावें. अर्थिंगच्या खड्ड्यांत उन्हाळ्यांत पाणी घालीत जावें. कोरड्या जमिनींत अर्थिंग असून नसल्यासारखें होतें.

तिसरी गोष्ट सामुदायिक आहे. कृष्णाकांठच्या पाणीपुरवठा संस्थांनीं व गांवच्या सोसायट्यांनीं दर हंगामापूर्वीं एक दिवस ठरवून सभासदांचीं यंत्रें तपासावींत व काय बदललें आहे याची नोंद वहींत करावी. फेरफार केलेलें यंत्र विकतांना वा भाड्यानें देतांना ती नोंद दाखवावी. आणि रात्रींच्या विजेचें मूळ दुखणें विसरूं नये. २०१७ सालीं सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा उद्देश शेतीपंपांस दिवसा वीज देणें हाच आहे. आपल्या गांवच्या वाहिनीस ती वीज मिळावी यासाठीं ग्रामपंचायतीनें व सोसायटीनें नेटानें पाठपुरावा करावा. दिवसा वीज मिळाली कीं ऑटोस्विचची गरजच बहुतेक संपते.

नांगर, पंप व मळणी यंत्र यांनीं आपल्या जिल्ह्यांतील शेतीचें रूप पालटलें यांत शंका नाहीं. यंत्र बदलण्याची बुद्धि ज्यांच्या अंगीं आहे, त्यांनीं तें सुरक्षित राखण्याचीहि बुद्धि दाखवावी. येत्या हंगामापूर्वीं प्रत्येक वाचकानें आपल्या स्टार्टरची पेटी उघडून आणि मळणी यंत्राचें तोंड मोजून पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.