कासवामुळे पाणी स्वच्छ राहतं?

विहिरीत कासव सोडलं की पाणी निवळ राहतं, ही समजूत महाराष्ट्रात गावोगावी ऐकू येते. बुलढाणा जिल्हाही तिला अपवाद नाही. पूर्वी हे कासव विहिरीत असायचं. आता हॉलमधल्या काचेच्या टाकीत लाल कानाचं विदेशी कासव आलं, पण समजूत तीच राहिली: ‘कासव आहे ना, घाण तेच खाऊन टाकेल.’

या समजुतीत तथ्य आहे ते एवढंच, की आपलं गोड्या पाण्यातलं कासव गोगलगायी, किडे, मेलेले मासे खातं. पण खाल्लेलं शेवटी त्याच पाण्यात बाहेर पडतं. विहिरीत ते जाणवत नाही, कारण तिथे पाणी अफाट असतं. पाच मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी धरा, ते सुमारे ५९ हजार लिटर होतं. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तरी त्यात जेमतेम ५७ लिटर मावतं. म्हणजे विहिरीत टाकीच्या हजारपट पाणी. शिवाय विहिरीला झरे असतात, टाकीला नसतात. तेव्हा कासव पाणी स्वच्छ करत नाही, ते घाण करतं. विहीर ती घाण पचवते, टाकीला ती पचत नाही.

दुसरा गैरसमज डोळ्यांचा: पाणी नितळ दिसलं की ते स्वच्छच. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवय आपल्या घराघरांत आहे, म्हणून टाकीतही तुरटी फिरवली जाते. तुरटीने मातीचे बारीक कण एकत्र येऊन तळाशी बसतात, एवढंच तिचं काम. कासवाच्या मलमूत्रातून आणि कुजलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो. तो दिसत नाही आणि तुरटीने खाली बसत नाही. उलट काचेवर थोडं हिरवं शेवाळ चढलं म्हणून घाबरायचं कारण नाही. पाण्याच्या रंगावरून निदान करायची घाई किती फसवी असते, हे २०२० च्या जूनमध्ये लोणारने दाखवलं. सरोवर गुलाबी झालं तेव्हा तर्कांना ऊत आला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केल्यावर कारण निघालं ते खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव.

अमोनियाची आणखी एक खोड आहे. पाणी जितकं अल्कधर्मी आणि गरम, तितका त्यातला विषारी अंश जास्त. तापमान २५ अंश असताना पीएच ७ वरून ८ वर गेला, तर हा अंश जवळपास दहापट होतो. बोअरच्या जड पाण्याचा पीएच बऱ्याचदा ७ च्या वर असतो, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याबद्दल वेगळं सांगायला नको.

‘कासव मस्त आहे, म्हणजे पाणी ठीकच असणार,’ हेही खरं नाही. घाण पाण्यात मासा लवकर तडफडतो, कारण तो त्याच पाण्यातून श्वास घेतो. कासव फुफ्फुसांनी, वर येऊन श्वास घेतं. त्यामुळे मासा मेला असता अशा पाण्यात ते कित्येक महिने तग धरतं आणि मालकाला वाटतं, सगळं आलबेल आहे. मग डोळे सुजतात, कातडी सोलवटते, कवचावर मऊ, दुर्गंधी येणारे डाग पडतात. सुजलेल्या डोळ्यांमागे बऱ्याचदा ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरताही असते, म्हणून अशा वेळी नुसतं पाणी बदलून न थांबता पशुवैद्यकाला दाखवा.

आता सर्वात चिवट गैरसमज: दर रविवारी टाकी रिकामी करून साबणाने लख्ख घासली की काम झालं. फिल्टर नसलेल्या टबात पाणी पूर्ण आणि वारंवार बदलावंच लागतं, त्याला पर्याय नाही. पण फिल्टर असलेल्या टाकीत ही मेहनत उलटी पडते. फिल्टरच्या स्पंजवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानाने सौम्य. हे जिवाणू जम बसवायला चार ते सहा आठवडे घेतात आणि आपण ते अर्ध्या तासात नळाखाली धुऊन टाकतो. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नुसता पिळून. लोडशेडिंगमध्ये फिल्टर बरेच तास बंद राहिला तर आतलं साचलेलं पाणी फेकून, स्पंज असाच पिळून मगच तो सुरू करा.

आठवड्याला एक चतुर्थांश पाणी बदला. ६० लिटरच्या टाकीत ते १५ लिटर, म्हणजे एक बादली. सगळं पाणी बदलायचं तर चार बादल्या लागतात. नळाची वाट बघत ड्रम भरून ठेवणाऱ्या घरात हा फरक लहान नाही. त्याहून पाणी वाचवायचं असेल तर कासवाला वेगळ्या टबमध्ये खाऊ घाला. टाकी घाण होते ती बरीचशी उरलेल्या खाद्याने, त्यातही भात आणि पोळीच्या तुकड्यांनी. काढलेलं पाणी जास्वंद-गुलाबाला घाला, कोथिंबिरीच्या वाफ्याला नको.

नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवलं की क्लोरीन बराचसा उडून जातो. टाकीत टीसीएल पावडर किंवा मेडिक्लोर अजिबात टाकू नका. कासवाच्या डोळ्यांना ते झोंबतं आणि फिल्टरचे जिवाणू मरतात. आरओच्या पाण्याची गरज नाही, त्यातले क्षार निघून गेलेले असतात. मात्र संग्रामपूर, जळगाव जामोदकडच्या खारपाणपट्ट्यात आरओमधून वाया जाणारं पाणी ‘कासवाला चालतं’ म्हणून ओतणं चूकच. बोअरचे मूळचेच जास्त असलेले क्षार त्यात आणखी दाट झालेले असतात.

टाकी साफ करायला सकर मासा आणून सोडणं म्हणजे घाणीत भरच. आणि पाच रुपयांच्या नाण्याएवढं आणलेलं पिल्लू तेवढंच राहत नाही. ते वाढून आठ-दहा इंचांचं होतं, वीस-तीस वर्षं जगतं. अमेरिकेत १९७५ पासून चार इंचांपेक्षा लहान कासवं पाळण्यासाठी विकायला बंदी आहे, ती साल्मोनेलाच्या संसर्गामुळे. वरून निरोगी दिसणारं कासवही हा जंतू पाण्यात सोडतं. टाकीचं पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतू नका, हात साबणाने धुवा आणि लहान मुलांना टाकीत हात घालू देऊ नका.

सांभाळणं झेपेना म्हणून विदेशी कासव येळगावच्या धरणात किंवा देवळाच्या कुंडात सोडणं हे पुण्याचं काम नव्हे. ते स्थानिक कासवांच्या अन्नावर आणि जागेवर हक्क सांगतं. देशी कासवाची गोष्ट तर आणखी वेगळी. पाणकासव आणि तारा कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ती पाळली तर किमान तीन वर्षं कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, मग ती टाकीत असोत की स्वतःच्या विहिरीत आणून सोडलेली. असं कासव तुमच्याकडे किंवा शेजारी असेल, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.